बारकोडमधलं ६६६ आणि बायबलमधले आकडे

रोहन (सी-५०४): ‘प्रत्येक बारकोडमध्ये सैतानाचा ६६६ लपवलाय, दहा जणांना पाठवा’ असा फॉरवर्ड फिरतोय. वर टाकलाय बघा. सायमन सर, रोझीमावशी, यात काही तथ्य आहे का?

सायमन सर (ए-१०२): नाही. बारकोडच्या दोन टोकांना आणि मध्ये ज्या लांब बारीक जोडरेघा असतात, त्यांना लोक तीन ६ समजतात, पण तो आकडाच नाही. कोड कुठे सुरू झाला, मधोमध कुठे आला, कुठे संपला हे स्कॅनरला त्यावरून कळतं. उजव्या अर्ध्या भागात ६ ची खूणही दोन बारीक रेघांचीच, म्हणून नजर फसते. पण त्या ६ मध्ये रेघांनंतर चार घरं (घर म्हणजे सगळ्यात बारीक रेघेएवढी जागा) कोरी असतात. प्रत्येक आकडा सात घरांचा, टोकाची जोडरेघ तीन घरांची, मधली पाच. मोजलं की संपलं.

मृणाल (डी-२०३): मग बायबलमधल्या मूळ वचनात काय आहे?

रोझीमावशी (बी-३०१): बायबलचं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण, १३:१८. ज्याला बुद्धी आहे त्याने श्वापदाच्या संख्येचा हिशेब करावा, ती माणसाची संख्या आहे, असा आशय. ‘हिशेब करा’ म्हटलंय बघ, ‘घाबरा’ नाही. हिब्रू आणि ग्रीकमध्ये अक्षरंच आकडे म्हणून वापरत, त्यामुळे कुठल्याही नावाची बेरीज व्हायची. सन ७९ मध्ये राखेखाली गेलेल्या पाँपेईतल्या एका भिंतीवर कुणीतरी खरडलंय: जिचा आकडा ५४५, तिच्यावर माझं प्रेम आहे. नाव माहीत असलेल्याला बेरीज पडताळता येते, पण नुसत्या बेरजेवरून नाव शोधू गेलं तर शेकडो नावं बसतात. घोळ इथेच होतो.

सायमन सर: आता ती बेरीज. ‘नेरोन कैसर’ हिब्रू अक्षरांत लिहा, स्वर सोडून:
नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५० = ३०६
कोफ १००, सामेख ६०, रेश २०० = ३६०
एकूण ६६६. म्हणजे रोमचा सम्राट नीरो.

अविनाश (बी-४०४): सर, कैसर हिब्रूत सहसा ‘योद’ हे अक्षर घालून लिहितात ना? योदचे १० धरले तर ६७६ होतात.

सायमन सर: नेमका आक्षेप. पण मृत समुद्राजवळच्या मुरब्बात इथे सापडलेल्या, नीरोच्याच काळातल्या अरामी दस्तऐवजात हे नाव योदशिवाय आहे. म्हणजे ते स्पेलिंग सोयीसाठी घडवलेलं नाही. माझ्या मते त्याहून भक्कम पुरावा ६१६ चा.

मृणाल: ६१६??

सायमन सर: काही जुन्या हस्तलिखितांत ६६६ च्या जागी ६१६ आहे. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसला सापडलेल्या पपायरस ११५ या हस्तलिखितातही तेच. ग्रीकमध्ये ‘नेरोन’, लॅटिनमध्ये ‘नेरो’. शेवटचा नून काढला की बरोबर ५० कमी होतात. दोन्ही आकडे एकाच नावातून निघतात, असं दुसरं नाव सापडणं कठीण.

अविनाश: पण आयरेनियस या सुरुवातीच्या ख्रिस्ती धर्मगुरूने सन १८० च्या सुमारास या संख्येवर लिहिलं, त्यात नीरो नाही. त्याला ६१६ माहीत होता, तो नकलेतली चूक म्हणून त्याने बाजूला ठेवला. त्याने सुचवलेल्या नावांत ‘लातेइनोस’ आणि ‘तेइतान’ आहेत. ग्रीकमध्ये दोन्हींची बेरीज ६६६.

रोझीमावशी: आणि तरीही तो म्हणतो, नाव ठामपणे सांगू नका. हे कुणी फॉरवर्ड करत नाही 😄

रोहन: ‘कॉम्प्युटर’ची बेरीज ६६६ येते, तेही याच पद्धतीने?

सायमन सर: त्यात इंग्रजी अक्षरांना ६, १२, १८ असे भाव दिलेत, म्हणजे क्रमांक गुणिले सहा. कॉम्प्युटरच्या स्पेलिंगमधल्या क्रमांकांची बेरीज १११, सहाने गुणलं की ६६६. बेरीज १११ असलेला कुठलाही शब्द बसेल. पहिल्या शतकात असा भाव कुणीच लावत नव्हतं.

सेक्रेटरी (ए-६०१): चर्चा चालू द्या, पण तो फॉरवर्ड कृपया डिलीट करा.

मृणाल: म्हणजे ६६६ हा आकडाच अशुभ, असं नाही तर.

रोझीमावशी: शलमोन राजाला एका वर्षात येणारं सोनं ६६६ किक्कार, म्हणजे वजनाचं जुनं माप (१ राजे १०:१४). एज्रा २:१३ मध्ये बंदिवासातून परतलेल्यांच्या यादीत अदोनीकामचे वंशज ६६६. आता गंमत बघ, तीच यादी नहेम्या ७:१८ मध्ये ६६७ सांगते.

अविनाश: मला प्रकटीकरणातली साडेतीन वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. ४२ महिने, १२६० दिवस आणि ‘एक काळ, दोन काळ, अर्धा काळ’ ही एकच मुदत: ४२ × ३० = १२६०. दानीएल ७:२५ मधून आलेली. सात पूर्णतेचे, त्यांचे निम्मे म्हणजे संकट चालू राहील पण पूर्ण होणार नाही. आपल्याकडे साडेतीन मुहूर्त शुभ, तिथे साडेतीन छळाचे. तिथे शिक्का मारलेल्यांचा आकडा १,४४,००० आहे, ती जनगणना समजू नका, १२ × १२ × १००० आहे. अध्याय ७ मधल्या इस्राएलच्या त्या बारा वंशांत ‘दान’ नावाचा वंश नाही, हेही बघा.

रोहन: ईस्टरआधीचा उपवासकाळ ४० दिवसांचा म्हणतात, कॅलेंडरवर मात्र ४६ भरतात.

रोझीमावशी: राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत ४६. त्यातले ६ रविवार वजा, कारण रविवार पुनरुत्थानाचा, त्या दिवशी उपवास नाही. उरले ४०, येशूच्या रानातल्या दिवसांइतके. १९६९ नंतरच्या कॅथलिक दिनदर्शिकेत उपवासकाळ पवित्र गुरुवारी संध्याकाळीच संपतो, म्हणून काही जण ४४ मोजतात.

मृणाल: आणि योहान २१:११ मधले १५३ मासे?

सायमन सर: १ ते १७ ची बेरीज १५३. जुन्या धर्मपंडितांपैकी ऑगस्टिनने १७ फोडले: १० आज्ञा, ७ पवित्र आत्म्याची दानं. जेरोम म्हणतो माशांच्या १५३ जाती. दोन्ही नंतर लावलेले अर्थ, वचनात तसं काही नाही. जाळं फाटलं नाही, एवढं मात्र वचनच सांगतं.

अविनाश: मत्तय १:१७ ची येशूची वंशावळ राहिली. चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट, आणि हिब्रू अक्षरांत दावीद = ४ + ६ + ४ = १४. पण मोजायला बसलात तर तिसऱ्या गटात तेराच भरतात, यखन्या राजाला दोनदा धरावं लागतं. मधल्या गटात योरामानंतर थेट उज्जीया, तीन राजे गाळलेत: अहज्या, योवाश, अमस्या. २ राजे ८ ते १५ समोर ठेवून पडताळा.