मदत हवी आहे: घरच्या डेस्कटॉपला ४ टीबी एक्स्टर्नल, केबलवाली घेऊ की ॲडॅप्टरवाली?

निलेश_डोंबिवली
जाणकारांनो, पटकन सांगा. दोन डिस्क कार्टमध्ये टाकून ठेवल्यात. एक खिशात मावणारी, नुसत्या यूएसबी केबलवर चालणारी. दुसरी जाडजूड, तिला वेगळा ॲडॅप्टर लागतो. सेल आज रात्री संपतोय. 'गूगल करा' म्हणू नका, ते करूनच डोकं फिरलंय.

मुग्धा_के
डेटा किती आहे? काय आहे? आत्ता कुठे ठेवलाय? पीसी किती जुना?

निलेश_डोंबिवली
डेटा नेहमीचाच हो, फोटो, व्हिडिओ वगैरे. पीसी चांगला आहे. त्याचा काय संबंध?

जुना_टेक्निशियन
आहे संबंध. कॅबिनेटच्या मागे निळा यूएसबी पोर्ट आहे का बघा. सगळे काळे असतील तर बहुधा यूएसबी २. त्यावर सेकंदाला ३०-३५ एमबीच्या वर काही जात नाही, १ टीबी कॉपी करायला आठ-नऊ तास धरा. निळ्यावर तेच काम साधारण तीन तासांत उरकतं. बारीक फायली खूप असतील तर दोन्हीकडे जास्त.
जाडजूड आहे ती ३.५ इंची, डेस्कटॉपच्या आत असते तीच, डब्यात घातलेली. तिला १२ व्होल्ट लागतात, म्हणून ॲडॅप्टर. डेस्कटॉप काही फिरायला जात नाही, तेव्हा माझं मत जाडीला. शिवाय काही ब्रँडच्या छोट्या डिस्कमध्ये यूएसबी पोर्ट थेट सर्किट बोर्डावरच असतो. पोर्ट हलला की दुसऱ्या केसमध्ये घालून वाचायची सोयच नाही.

ॲडमिन_नसलेला_अमेय
अजून फिरणाऱ्या डिस्क घेतात लोक? एसएसडी घ्या, नुसत्या चिपवर चालणारी, आणि मोकळे व्हा.

जुना_टेक्निशियन
अमेय, ४ टीबी एसएसडीची किंमत बघितलीस का? आणि कपाटात वर्षानुवर्षं बिनविजेची पडून राहिली तर तिच्यातला डेटा हळूहळू विरू शकतो. रोजच्या कामाला एसएसडी उत्तम, वाद नाही. इथे काम वेगळं आहे.

बंड्या_लिनक्सवाला
ओएस कोणती? विंडोज १० असेल तर १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला. आधी मिंट टाका, म्हणजे फुकटातलं लिनक्स, मग आरसिंक ही कॉपीची कमांड. एका ओळीत बॅकअप.

मुग्धा_के
बंड्या, त्यांनी डिस्क विचारली आहे. प्रत्येक धाग्यावर मिंट वाटत फिरतोस.

आबा_सातारा
अवांतर: आमच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट आहे. ती कॉम्प्युटरवर घेता येते का?

निलेश_डोंबिवली
अहो, विषय कुठे चाललाय? ऐका. सगळं मिळून दीड टीबी असेल. मुलीच्या बारशापासूनचे फोटो, आईबाबांच्या पंच्याहत्तरीचे व्हिडिओ. डी ड्राइव्ह भरलाय, म्हणून सगळं नव्या डिस्कवर हलवून पीसी मोकळा करायचाय. तसाही तो हल्ली फोल्डर उघडायला वेळ लावतो, मधूनच टक टक करतो. मोकळा केला की पळेल.

जुना_टेक्निशियन
थांबा. टक टक कॅबिनेटमधून येते का? मग ही गोष्ट पहिल्या ओळीत यायला हवी होती. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते उघडा आणि वरचा चौकोन निळा आहे की पिवळा ते सांगा. खाली ०५ आणि सी५ या दोन ओळींत शेवटचा आकडा काय दिसतो?

निलेश_डोंबिवली
पिवळा. ०५ समोर शून्य, सी५ समोर २८. म्हणजे २८ दिवस राहिले का??

जुना_टेक्निशियन
दिवस नाहीत हो. इतके सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे बारीक कप्पे, डिस्कला वाचता येत नाहीयेत. आणि तो आकडा हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत असतो, तेव्हा प्रत्यक्षात ४०.

कीबोर्ड_काका
चेकडिस्क चालवा, स्लॅश आर लावून. सेक्टर दुरुस्त होतात. मी कायम हेच करतो.

जुना_टेक्निशियन
काका, नको. ते अख्खी डिस्क घासून काढतं. आजारी डिस्कवर डेटा बाहेर काढायच्या आधी हे करायचं नसतं.

कीबोर्ड_काका
माझ्या पीसीवर कधी काही झालं नाही.

मुग्धा_के
काका, तुमची डिस्क टक टक करत नव्हती.
निलेश, सेल विसरा. कुरिअर येईपर्यंत थांबू नका, आजच दुकानातून आणा. दीड टीबीच आहे तर एक ४ टीबी घेण्यापेक्षा २-२ टीबीच्या दोन घ्या. डोंबिवलीत मिळतील, नाहीतर लॅमिंग्टन रोड आहेच. आणि 'हलवायचं' म्हणताय त्याला बॅकअप म्हणत नाहीत. फोटो एकाच जागी राहिले, फक्त जागा बदलली. दोन्ही डिस्कवर सगळं हवं. कट-पेस्ट नाही, कॉपी. परत मिळणार नाही ते आधी.

वाशिष्ठीकाठ
यात माझी भर. दोन्ही डिस्क एकाच कपाटात ठेवू नका. जुलै २०२१ च्या पुरात आमच्या चिपळुणात तळमजल्यावरच्या घरांत पीसी, डिस्क, अल्बम सगळं एकाच पाण्यात गेलं. एक डिस्क बहिणीकडे, सासरवाडीला, कुठेही दुसऱ्या गावी. आणि घरातली कॉपी झाली की काढून ठेवायची. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर आलं तर जोडलेली डिस्कही सोडत नाही.

ॲडमिन_नसलेला_अमेय
एवढं कशाला? गूगल फोटोज.

मुग्धा_के
१ जून २०२१ पासून तिथे टाकलेलं १५ जीबीत मोजलं जातं. दीड टीबीचं भाडं दर महिन्याला तू भरणार का?

निलेश_डोंबिवली
आणल्या दोन, छोट्या केबलवाल्याच. जाड्या ४ टीबीच्या खाली नव्हत्या. पण खोक्यावर २ टीबी आणि पीसीत १.८१ दिसतंय! दुकानदाराने टोपी घातली का? आणि कॉपी होता होता डिस्क गायब होते, पुन्हा येते.

जुना_टेक्निशियन
टोपी नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. गायब होते कारण तुम्ही समोरच्या पोर्टला लावली असणार. मागे, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा. अख्खा ड्राइव्ह एकदम उचलू नका, एकेक फोल्डर घ्या. एखादी फाइल अडली तर 'स्किप' करून पुढे, अडलेल्यांकडे शेवटी बघू.

निलेश_डोंबिवली
मागे लावल्यावर चालू राहिली. बारसं, पहिला वाढदिवस आणि पंच्याहत्तरी आली. २०१९ च्या फोल्डरमध्ये काही व्हिडिओ अडतायत, स्किप केले. दुसरी डिस्क पहिलीवरूनच भरू ना?

जुना_टेक्निशियन
हो, पहिलीवरूनच. जुनीला पुन्हा त्रास नको. अडलेल्या फायलींची नावं इथे टाका.

आबा_सातारा
कॅसेटचं राहिलंच.

मुग्धा_के
आबा, व्हीसीआर अजून चालतोय का ते बघा आणि वेगळा धागा काढा.