पी०७०५ : स्विच बदलण्याआधी
ऑटोमॅटिक गाडीच्या स्कॅनरवर पी०७०५ हा एरर कोड दिसला, त्यावर 'पी०७०५ आला म्हणजे गिअरबॉक्सवरचा रेंज स्विच (लिव्हर कुठल्या गिअरमध्ये आहे ते गाडीला कळवणारा) गेला, नवीन टाकून मोकळे व्हा' असं या चर्चेत वर दोघांनी सांगितलंय, ते घाईचं वाटतं. हा कोड त्या स्विचच्या सर्किटमध्ये गडबड आहे एवढंच सांगतो. वायरिंग, कनेक्टर, अर्थिंग सगळंच त्यात आलं. गाडी पी (पार्क) मध्ये सुरू होत नसेल पण एन (न्यूट्रल) मध्ये होत असेल, तर आधी सिलेक्टर केबलचं, म्हणजे लिव्हर आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या केबलचं, सेटिंग बघा.

आणि स्कॅनरवर नुसता कोड वाचून थांबू नका, लाइव्ह डेटा, म्हणजे गाडीकडून त्याच क्षणी येणारी माहिती, उघडा. इंजिन बंद, इग्निशन ऑन, हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून लिव्हर पी-आर-एन-डी असा सावकाश फिरवा. स्क्रीनवरचं अक्षर मागोमाग बदललं पाहिजे. मध्येच गायब झालं तर लिव्हर तिथेच ठेवून दुसऱ्या कुणाला तरी कनेक्टरजवळची वायर हलवायला सांगा. आमच्या गाडीत असंच अक्षर येत-जात होतं. कनेक्टर काढला तर एका पिनेवर हिरवट थर, पावसाळ्यात पाणी शिरलेलं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, सील बदललं. स्विच अजून जुनाच चालतोय. नवा बसवायचाच झाला तर गिअर एन मध्ये ठेवून, स्विचवरच्या खुणा जुळवूनच बोल्ट आवळायला लावा. मेकॅनिक घाईत असला की नेमकं हेच राहतं.