मदत हवी आहे: ‘सावली’साठी शेड की शॅडो?

माझ्या आत्यानं वहीत लिहून ठेवलेल्या आठवणी मी इंग्रजीत आणतेय. तिची नातवंडं कॅनडात वाढलीत. मराठी बोललेलं कळतं, वाचता येत नाही. एका वाक्यापाशी अडले आहे: “वडील गेल्यावर आम्ही तिघी बहिणी दादाच्या सावलीत वाढलो.”

मी आधी सरळ ‘इन दादाज शॅडो’ लिहिलं. नातीनं वाचून विचारलं, “म्हणजे दादाआजोबांमुळे आजी मागे पडली का?” मला धस्स झालं. स्वतःची शाळा सोडून ज्यानं तिघींना शिकवलं, त्याच्याबद्दल नेमकं उलटं पोचलं! इंग्रजीत कुणाच्या शॅडोत वाढणं म्हणजे त्याच्या मोठेपणापुढे झाकोळून जाणं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

एरवीचा फरक कळतो. झाडाखाली बसतो ती शेड, भिंतीवर आपल्या आकाराची उमटते ती शॅडो. मुळात दोन्ही जुन्या इंग्रजीतल्या एकाच शब्दाची रूपं. आपल्याकडे मात्र मायेची सावली, छत्रछाया, पितृछत्र... उन्हाच्या देशात सावली म्हणजे आसराच.

‘शेल्टर’ म्हटलं तर त्या मुलांना बेघरांचा निवारा आठवेल. ‘अंडर हिज विंग’ अर्थानं जवळचं आहे, पण चार पानांनंतर आत्या लिहिते, “दादा गेला आणि डोक्यावर ऊन आलं.” आधी पंख लिहिला तर इथलं ऊन उपरं वाटतं. माझ्या मते अख्ख्या वहीतलं हे सगळ्यात सुंदर वाक्य आहे, ते मला गमवायचं नाही.

म्हणून मन ‘शेड’कडे झुकतंय. पण माणसाची शेड इंग्रजी कानाला खटकेल का? शिवाय हल्लीची मुलं ‘थ्रोइंग शेड’ म्हणतात ते टोमणा मारण्याला.

आणखी एक. १६११च्या किंग जेम्स बायबलात, ९१व्या स्तोत्रात, ‘अंडर द शॅडो ऑफ द ऑलमायटी’ आहे आणि तिथे शॅडो म्हणजे आसराच. मग ‘इन’च्या जागी ‘अंडर’ घातल्यानं काम होईल, की आज ते ‘युद्धाच्या छायेखाली’सारखं भीतीचं वाटेल?

इंग्रजीत रोजचा वावर असणाऱ्यांनी कृपया दोन्ही वाक्यं एकत्र धरून सुचवा. तळटीप नको आहे. वाचतानाच मुलांना तो गारवा जाणवायला हवा.