सुई वेगळी, चमचा वेगळा
एका दादांनी विचारलंय, रेडिओ लहरींनी कॅन्सर जातो हे खरं की थाप? इथं दोन उपचारांची मिसळ झालीय.

जुना तो आरएफए (रेडिओफ्रिक्वेन्सी ॲब्लेशन), म्हणजे सुईनं गाठ आतून भाजून काढणं. आमच्या मामांच्या यकृतातल्या अडीच सेंटिमीटरच्या गाठीवर कोल्हापुरातच केला. सोनोग्राफीत बघत सुई थेट गाठीत, प्रवाह परत जायला मांड्यांवर चिकटपट्ट्या, साधारण ५०० किलोहर्ट्झचा प्रवाह. टोकाभोवतीच्या पेशी ६० अंशांच्या वर तापून मरतात. आठवड्यानं मामा रंकाळ्यावर फिरायला! पण गाठ ३ सेंटिमीटरच्या पुढं गेली, किंवा शेजारी मोठी रक्तवाहिनी असली (वाहतं रक्त उष्णता पळवतं), की भरवसा कमी.

दुसरं थेराबायोनिक नावाचं यंत्र. चमच्यासारखा अँटेना जिभेवर, २७.१२ मेगाहर्ट्झ, दिवसातून तीनदा एकेक तास. यात भाजणं नाही. अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं-उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) २०२३ मध्ये परवानगी दिली, तीही यकृताच्या बळावलेल्या कॅन्सरला, आधीचे उपचार थकल्यावर, आणि 'फायदा संभवतो' एवढ्याच निकषावर. व्हॉट्सॲपवरच्या मेसेजातनं नेमक्या या अटीच गळतात.

मामांकडंही एकजण चुंबकाची गादी घेऊन आलता, 'हेच ते अमेरिकेचं मशीन' म्हणत. मामींनी चहा पाजला आणि विचारलं, "जिभेवर ही गादी मावंल व्हय?"