उन्हातल्या पाइपबद्दल
एका दादांनी विचारलंय की मीटरपासून मागच्या टाकीपर्यंत पिण्याच्या पाण्याला साधा पीव्हीसी उघड्यावरून टाकला तर चालेल का, तर माझं स्पष्ट मत 'चालणार नाही' असं आहे, कारण आपल्या सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४२-४३ ला जातो आणि एवढ्या उन्हात तो पाइप पांढरट पडून कडक होतो, मग नुसता पाय लागला तरी तडकतो. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप घेतला तर आतून गंजतो. काळा एचडीपीई (लवचिक, मजबूत प्लास्टिकचा पाइप) घ्या, निळ्या पट्ट्यांचा, त्यावर आयएस ४९८४ हा भारतीय मानकाचा नंबर छापलेला असतो ते वाचूनच घ्या. शेतीचा स्वस्त काळा पाइप बिलकुल नको, तो बऱ्याचदा भंगार प्लास्टिकचा असतो, तोंड हुंगलं की कळतं. आणि हे महत्त्वाचं, आपल्याकडे नळ रोज येत नाही, पाणी गेलं की रिकामा पाइप हवा ओढतो आणि जॉइंट ढिला असेल तर बाजूच्या गटारीचं पाणी आत येतं!! म्हणून कॉइलमधला (गुंडाळीतला) सलग तुकडा घ्या, मधे जॉइंटच नको, गटारीपासून लांबून न्या आणि जमलं तर फूट-दीड फूट पुरूनच टाका, पाणी पण तापत नाही.