व्हॉट्सॅप ग्रुप नाती टिकवतो की नुसती हजेरी घेतो?

अनुस्वार (धागाकर्ती)

एका घरातली, एका वर्गातली माणसं शिक्षण-नोकरीपायी चार देशांत पांगतात आणि त्यांच्यात उरतो एक ग्रुप. "ग्रुप आहे म्हणून संपर्क आहे" असं सर्रास म्हटलं जातं. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. ग्रुपमुळे संपर्क गेला आणि हजेरी आली. याचं खापर माणसांच्या आळसावर फोडू नका. साधनाची घडणच तशी आहे.

पत्र किंवा फोन एकाला केलेला असतो, म्हणून उत्तर देणंही त्या एकावरच येतं. "ऑपरेशनची तारीख ठरली" हा निरोप चाळीस जणांच्या ग्रुपात पडला की जबाबदारी चाळिसांत वाटली जाते, म्हणजे कुणावरच येत नाही. १९६८ मध्ये जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांनी यावर प्रयोग केला होता. इंटरकॉमवर बोलणाऱ्या माणसाला फेफऱ्याचा झटका आल्याचं ऐकू येतं. ऐकणारे आपण एकटेच आहोत अशी समजूत असलेल्यांपैकी ८५ टक्के लोक झटका संपायच्या आत मदत मागायला उठले. आणखी चौघं ऐकताहेत अशी समजूत असलेल्यांत हा आकडा ३१ टक्क्यांवर आला. ग्रुपात तर वर आणखी एक सोय आहे: जोडलेले हात टाकले की आपण काहीतरी केलं असं वाटतं, आणि फोन राहून जातो.

दुसरं म्हणजे आकार. ग्रुपातल्या माणसांची मर्यादा शंभरावरून २०१६ मध्ये २५६ झाली, २०२२ मध्ये आधी ५१२ आणि मग १०२४. मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी १९९२ च्या संशोधनातून माणसाला निभावता येणाऱ्या नात्यांची मर्यादा साधारण १५० काढली, आणि पुढे त्यातली अगदी जवळची जेमतेम पाच सांगितली. हजार जणांचा गोतावळा म्हणजे मतदारयादी झाली.

लांबचा_पल्ला

साफ असहमत. माणसं आधी पांगली, ग्रुप नंतर आला. आणि तुलना कशाशी करताय? अंगणात रोज भेटणाऱ्या माणसांशी? तो पर्याय परदेशी गेलेल्याला कधीच नव्हता. १९५६ साली अटलांटिकखालून पहिली टेलिफोन केबल टाकली तेव्हा तिच्यातून एका वेळी जेमतेम तीन डझन संभाषणं जात. दोन खंडांमिळून तीन डझन! बाकीच्यांनी पत्र टाकायचं आणि आठवडे मोजायचे. त्या जगात ऑपरेशनची तारीख कळायची तेव्हा टाकेसुद्धा निघालेले असायचे.

१५० च्या आकड्याचंही एवढं कौतुक नको. तो माकड-वानरांच्या मेंदूच्या आकारावरून ताणून काढलेला अंदाज आहे. २०२१ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी तेच गणित नव्या पद्धतींनी पुन्हा केलं, तर उत्तराची खालची टोकं दोन-चार माणसांवर आली आणि वरचं पाचशेच्या पुढे गेलं. एवढ्या रुंद पट्ट्यावर कुणाचीच बाजू भक्कम होत नाही.

राहिला एकटेपणा. रॉबर्ट क्राउट आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये "इंटरनेट वापरणारे घरात कमी बोलतात, जास्त एकटे पडतात" असा निष्कर्ष मांडला आणि तो सगळीकडे गाजला. त्याच मंडळींनी त्याच घरांतल्या लोकांना पुन्हा गाठून २००२ मध्ये लिहिलं की ते दुष्परिणाम बहुतांशी विरले आहेत. पहिला निष्कर्ष अजून फिरतोय, दुसरा कुणाच्या गावी नाही.

खवचट

पत्राला उत्तर न देणारे काका पूर्वीही होतेच. फक्त त्यांनी पत्र वाचलं होतं हे सिद्ध करता येत नव्हतं.

मिलिसेकंद

दोघंही मजकुरातच अडकलात. कुटुंबं जवळ राहतात ती व्हिडिओ कॉलवर, आणि तिथे काय बिघडतं ते जरा तपशिलात सांगतो.

समोरासमोर बोलताना एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंतची फट अगदी लहान असते. २००९ मध्ये दहा भाषांची तुलना झाली, तेव्हा ती साधारण २०० मिलिसेकंदांच्या आसपास निघाली. भाषेभाषेत फरक होता, पण थोडाच. आता हिशेब मांडा. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे दहा हजार किलोमीटरला एका दिशेने ५० मिलिसेकंद, तेही केबल सरळ गेली असती तर. त्यावर चित्र दाबून पाठवायचा वेळ, डेटाची पाकिटं (तुकडे) उशिरा-लवकर येतात म्हणून पलीकडे राखून ठेवायचा वेळ, घरातलं वायफाय. ब्लूटूथ इअरफोन असतील तर आणखी शंभर-दोनशे. टेलिफोनसाठीची आंतरराष्ट्रीय शिफारस अशी की एका दिशेचा विलंब १५० च्या आत असावा आणि ४०० च्या वर तर जाऊच नये. इथे पहिली मर्यादा सहज ओलांडली जाते.

परिणाम असा की दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, "बोल, बोल, तू बोल" होतं. सात-आठ जणांच्या कॉलमध्ये यातून एकच वाट निघते: ज्याचा आवाज मोठा त्याचं भाषण, बाकीचे प्रेक्षक. आजी आणि लहान मुलं सगळ्यात आधी गप्प होतात, कारण घुसायला फटच सापडत नाही. मग घरातले म्हणतात, "तिला फोनवर बोलायला आवडत नाही."

उपाय कंटाळवाणे आहेत, पण लागू पडतात. एका कॉलवर तीनच्या वर माणसं नकोत. एका फोनभोवती चौघांनी गर्दी करू नये. गोंगाट दाबणारी प्रणाली लांबून बोलणाऱ्याचा आवाजही गोंगाट समजून कापते. शक्य तिथे तारेचा इअरफोन लावा: स्पीकरवर ठेवलं की प्रतिध्वनी मारण्याच्या नादात फोन एका वेळी एकाच बाजूचा आवाज सोडतो. आणि गाडी अडखळू लागली तर आधी चित्र बंद करा. आवाजाला फारच कमी डेटा लागतो.

चावडीकार

मिलिसेकंद यांना +१. आता बरेच मोठे ग्रुप सांभाळणाऱ्याच्या नजरेतून.

मोठा ग्रुप बिघडतो तो बहुधा एकाच कारणाने: बातमी, निर्णय आणि गप्पा एकाच ठिकाणी. वेगळं करायची सोय आहे. सूचनांचा ग्रुप असा लावायचा की फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील, गप्पांचा वेगळा. २०२२ पासून दोन्ही एकाच कम्युनिटीखाली (अनेक ग्रुपांना एकत्र बांधणारी व्हॉट्सॅपची सोय) बांधता येतात.

निर्णयांची गोची जास्त गंभीर आहे. एका खंडावर संध्याकाळ, दुसऱ्यावर पहाट. संध्याकाळवाले दीडशे निरोपांत विषय संपवतात, पहाटवाले उठून "ठीक आहे" लिहितात. याला लोक एकमत म्हणतात. तसं करू नका. मतदान टाका, मुदत किमान २४ तासांची ठेवा आणि मुदतीआधी निर्णय जाहीर करू नका. ज्याने मत दिलं नाही त्याला अ‍ॅडमिनने स्वतंत्र निरोप पाठवावा. गप्प राहिला म्हणजे होकार, हे गृहीत धरलं की भांडण नक्की.

ठरलेल्या साप्ताहिक कॉलची एक हमखास चूक: अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे सरकतात, युरोपात शेवटच्या. मधले दोन-तीन आठवडे दोघांतलं अंतर एका तासाने बदलतं, आणि जिथे घड्याळं हलतच नाहीत तिथली माणसं दोन्हीकडून चुकतात. कॉल कोणत्या शहराच्या वेळेला बांधला आहे ते एकदाच लिहून ग्रुपच्या माहितीत टाका.

रिकामटेकडी

अहो चावडीकार, ही नाती आहेत की संचालक मंडळाची बैठक? मुदत, मतदान, स्वतंत्र निरोप! अशा ग्रुपात मी असते तर पहिल्याच मतदानाला बाहेर.

आणि अनुस्वारताई, हजेरीला तुम्ही फार हलकं लेखता. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रानोव्हेटर यांनी १९७३ मध्येच दाखवलं की नवी माहिती, नोकरीची बातमी जिवलगांपेक्षा नुसत्या तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त येते, कारण जिवलगांना जे माहीत ते आपल्यालाही माहीतच असतं. २०२२ मध्ये लिंक्डइनवरच्या दोन कोटी लोकांवरचे प्रयोग छापून आले, तेव्हा हे बऱ्याच अंशी खरं ठरलं. मात्र अगदीच विरळ ओळखीपेक्षा मध्यम विरळ ओळख जास्त कामाला आली. वाढदिवसाची ती एक ओळ म्हणजे हीच मध्यम विरळ ओळख जिवंत ठेवणं. दहा वर्षं एक अक्षर न बोलता एकदम "तुझ्या शहरात येतोय, दोन दिवस राहू का?" विचारून बघा.

अनुस्वार

नोकरी शोधायला ओळख विरळ चालते. ऑपरेशनला चालत नाही. मी दुसऱ्या प्रकाराबद्दल बोलतेय.

लांबचा_पल्ला, क्राउट यांचा २००२ चा लेख पूर्ण सांगा ना. फायदा सगळ्यांना सारखा झाला नव्हता. बोलक्या स्वभावाच्या, आधीच भरपूर माणसं असलेल्यांना झाला, बुजऱ्यांना उलट तोटा दिसला. ग्रुपातही तेच चालतं: रोज तेच पाच-सहा जण लिहितात, उरलेले वाचतात. आणि २०१८ च्या अमेरिकी निवडणुकीआधी काही लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं होतं. दिवसाला सरासरी तासभर मोकळा झाला, त्यातला काही वेळ घरच्यांत, मित्रांत गेला. समाधान थोडं वाढलं. थोडंच, हेही सांगते. ताज्या बातम्यांची माहिती मात्र घटली.

लांबचा_पल्ला

फेसबुकची चावडी आणि घरचा ग्रुप एक नव्हे. तिथे अनोळखी मजकूर तुमच्यापुढे ओतला जातो, इथे ओळखीची माणसं लिहितात.

कंसात

तुमचं दोघांचं भांडण जुन्या नात्यांवर आहे. मला धोका नव्या नात्यांना दिसतो.

मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या ६१,१८२ कर्मचाऱ्यांचा २०२० मधला सहा महिन्यांचा संवाद तपासला गेला. सगळे घरून काम करू लागल्यावर लोक आपापल्या गटातच जास्त घट्ट झाले, गटागटांना जोडणारे दुवे कमी झाले, नव्या माणसांची भर मंदावली. ही कार्यालयातली गोष्ट आहे, घराला जशीच्या तशी लावता येणार नाही. तरी माझा तर्क असा: जुनी माणसं खिशात फुकट मिळत असतील तर नव्या गावी शेजाऱ्याचं दार वाजवायची गरज कमी भासते. ग्लोबलायझेशनने माणूस हलवला, फोनने त्याला मनाने हलूच दिलं नाही.

लांबचा_पल्ला

तर्क चांगला, पण उलटा पुरावाही आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी टोरांटोजवळच्या एका नव्या वसाहतीत काही घरांना वेगवान इंटरनेट आणि वसाहतीची सामाईक मेल-यादी मिळाली, काहींना नाही. कीथ हॅम्प्टन आणि बॅरी वेलमन यांना दिसलं की जोडलेल्या घरांतले लोक न जोडलेल्यांपेक्षा सुमारे तिप्पट शेजारी नावाने ओळखत होते. म्हणजे तंत्र तेच. यादीत कुणाला घेतलं यावर सगळं ठरतं.

खवचट

एक शंका. एवढा हजेरीचा जाच असेल तर निळ्या खुणा बंद करा ना. सेटिंग आहे की.

चावडीकार

आहे, पण ते फक्त एकास एक संवादाला लागू. ग्रुपात निरोपावर दाबून "माहिती" उघडली की कुणी वाचलं, कधी वाचलं ते दिसतंच. सेटिंग काहीही असो.

अनुस्वार

बघा! हजेरीवही बंद करायची मुभाच नाही.

रिकामटेकडी

आणि तीच वही एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या लेकीला रात्री झोप देते. सकाळचा निरोप नऊपर्यंत वाचला गेला, म्हणजे आई उठली.

कंसात

नाही वाचला तर? दहा हजार किलोमीटरवरून दार ठोठावता येत नाही. चार्जर निघालाय की आई पडलीय हे ती खूण सांगत नाही. तेव्हा लागतो शेजाऱ्याचा नंबर, आणि नेमका तोच ग्रुपात नसतो.

खवचट

मग घ्या त्यांनाही ग्रुपात.

चावडीकार

नका हो! रोजच्या चाळीस सुप्रभातांनी आठवड्यात म्यूट करतील. नंबर वेगळा घ्या, देशाच्या कोडसकट साठवा, आणि गरज नसताना एकदा लावून बघा.