‘लॉर’ कादंबरीतला सुटर: खऱ्या माणसाच्या आयुष्यात लेखकाने किती ढवळाढवळ करावी?

मूळ मत:
ब्लेझ सांद्रार यांच्या ‘लॉर’ (१९२५) या फ्रेंच कादंबरीचा नायक योहान सुटर हा इतिहासातला खरा माणूस आहे. कर्जबाजारी होऊन तो १८३४ साली बायकामुलांना मागे टाकून स्वित्झर्लंडमधून पळाला आणि तेव्हा मेक्सिकोच्या ताब्यात असलेल्या कॅलिफोर्नियात तिथल्या सरकारने दिलेल्या जमिनीच्या सनदेवर त्याने मोठी वसाहत उभी केली. २४ जानेवारी १८४८ रोजी त्याच्याच लाकूड कापण्याच्या गिरणीपाशी सोने सापडले, त्यामागे आलेले लोक त्याच्या जमिनीवर घुसले आणि त्यातच तो धुळीला मिळाला. या कहाणीला फोडणीची गरज नव्हती. तरीही कादंबरीत सुटर जमिनीच्या हक्काचा खटला जिंकतो आणि चिडलेला जमाव त्याचे सर्वस्व जाळतो. प्रत्यक्षात १८५८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या दोन सनदांपैकी मोठी सनद अमान्य केली होती. कादंबरीत तो वॉशिंग्टनमधल्या संसदभवनाच्या पायऱ्यांवर प्राण सोडतो. खरा सुटर वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात वारला. नाव खरे ठेवून आयुष्य बनावट लिहिणे मला पटत नाही.

प्रतिसाद १:
असहमत. ही ‘अद्भुत कहाणी’ आहे, असे उपशीर्षकच सांगते. सुटर वर्षानुवर्षे काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, भरपाई मागत होता. जून १८८० मध्ये ती मंजूर न होताच अधिवेशन संपले आणि दोन दिवसांनी तो गेला. त्या पायऱ्यांमध्ये लेखकाने पंधरा वर्षांचे हेलपाटे आणून ठेवले आहेत. तारखांसाठी चरित्र वाचावे.

प्रतिसाद २:
तुम्ही दोघेही सुटरच्याच नुकसानीचा हिशेब मांडत आहात. त्याची शेते निसेनान आणि मिवोक या तिथल्या मूळ रहिवासी जमातींच्या श्रमावर चालत, आणि त्यांतल्या अनेकांवर सक्ती होती. १८४० च्या दशकात तिथे आलेल्या जेम्स क्लायमन या प्रवाशाने त्यांना, गुरांना चारतात तशा डोणीतून जेवताना पाहिल्याची नोंद केली आहे. सोने सापडल्यानंतरच्या पंचवीसएक वर्षांत कॅलिफोर्नियातील मूळ रहिवासी सुमारे दीड लाखावरून तीस हजारांच्या आसपास आले. पायऱ्या की हॉटेल, हा वाद त्यापुढे किरकोळ आहे.

प्रतिसाद १:
आकडे मान्य आहेत, पण तुम्ही मागता ती वेगळी कादंबरी आहे. ही एका माणसाच्या हावेची आणि त्याच्यावर उलटलेल्या दैवाची आहे.

प्रतिसाद २:
दैव कसले? मेक्सिकोच्या गव्हर्नरने १८४१ साली ती जमीन सुटरला दिली, तेव्हा तिथे राहणाऱ्यांना कोणी विचारले नव्हते. सात वर्षांनी दुसरे लोक तिथे घुसले, त्यांनीही सुटरला विचारले नाही. मग दुसऱ्या घुसखोरीलाच अन्याय कोणत्या तोंडाने म्हणायचे?